खाडीपल्याडच्या तीन वाड्या

नोकरीत काय केलेत असे कुणी विचारले की मी सांगतो, रेघा मारल्या. ऐकणारा हसतो. मी हसत नाही, कारण ते खरे आहे. रत्नागिरीच्या कचेरीत मी नकाशा-कारकून होतो. गावाची शीव, जंगलाची हद्द, रस्त्याची आखणी, वरून जो हुकूम येई तो कापडावर उतरवून द्यायचा, एवढेच माझे काम. मामलेदार बदलले, कलेक्टर बदलले. माझे टेबल खिडकीपाशी होते ते तिथेच राहिले.

या कामाची वाखाणणी दुसरे कुणी करत नाही, म्हणून मीच करतो. नकाशाच्या ट्रेसिंग कापडाला खळ दिलेली असते. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला की डाग उठतो आणि दोन दिवसांची मेहनत फुकट जाते. आता रत्नागिरीच्या वैशाखात माणसाला घाम गाळू नकोस म्हणणे म्हणजे बांगड्याला वास सोडू नकोस म्हणण्यासारखे आहे. मी मनगटाखाली पंच्याची घडी ठेवी आणि कपाळाला फडके बांधी. शाई धरावी म्हणून आधी कापडावर खडूची पूड चोळावी लागे. नवे कारकून विचारीत, भाऊसाहेब, रोज ही कसली पूजा चालते? मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे.

गिऱ्हाइकेही एकेक नमुनेदार. पावसचे एक बागायतदार आंब्यांची करंडी घेऊन आले. म्हणाले, "हद्द फक्त एका कलमापुरती सरकवा हो. तुमच्या कागदावर ती केसाएवढी दिसेल." मी म्हटले, "तुमच्या शेजाऱ्याला ती कलमाएवढी दिसेल." गृहस्थ करंडी उचलून चालते झाले. त्या वर्षी आमच्या घरी आंबे जरा उशिराच आले.

असा मी कडक माणूस. पण माझ्या हातून एक शब्द असा लिहिला गेला, की त्याने एका गावाचे दैव जवळजवळ फिरवले. ती हकीकत सांगायची तर आधी गट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

त्या काळी आताच्यासारखे सगळ्यांना मत नव्हते. ठरावीक सारा किंवा घरपट्टी भरणाऱ्यालाच ते होते. या मतदारांनी लोकल बोर्डावर सभासद पाठवायचे आणि बोर्डाने रस्ते, साकव, विहिरी, शाळा, दवाखाने सांभाळायचे. त्यासाठी तालुक्याचे गट पाडलेले असत. एका गटाचा एक सभासद. मी ज्या तालुक्याबद्दल लिहितो आहे त्याचे नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसे मला अजून बाजारात भेटतात. तिथल्या बोर्डात दोन तट होते. एक खोतांचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांचा, आणि दुसरा त्यांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांचा. खोतांकडे एक सभासद जास्त होता. एकच.

निवडणूक जिंकायला दोन वाटा असतात. एक मतदाराच्या दाराशी जाते, दुसरी माझ्या टेबलाशी येत असे. समजा, शेजारशेजारच्या दोन गटांत कुळांचा जोर आहे. एकात भरपूर, दुसऱ्यात जेमतेम. मग जेमतेम असलेल्या गटातल्या कुळांच्या वाड्या उचलायच्या आणि भरपूर असलेल्या गटात कोंबायच्या. तिथे कुळांचा माणूस मतांचा डोंगर घेऊन निवडून येतो, त्याची वाजतगाजत मिरवणूक निघते; पण सभासद एकच. इकडे दुसऱ्या गटात मते कमी पडतात आणि खोतांचा माणूस हळूच आत शिरतो. एकाही मतदाराने मत बदललेले नसते.

सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट. गटांची फेररचना करा, असा वरून हुकूम आला आणि बोर्डाने कच्चा आराखडा करून आमच्याकडे पाठवला. बोर्डाचे अध्यक्ष बापूसाहेब स्वतः खोत. बोलणे गोड, कचेरीत आले की आमच्या शिपायाच्याही पोराबाळांची चौकशी करीत. त्यांच्या आराखड्यात भाटवली नावाचा एक गट होता. हा गट खाडीच्या दोन्ही काठांवर पसरलेला; मागच्या खेपेला खोतांचा माणूस तिथे जेमतेम मतांनी आला होता. उत्तरेच्या काठावर भाटवली गाव आणि पाण्यालगत त्याच्या तीन वाड्या, सगळी तांडेल, म्हणजे होडीवाले, आणि कुळे. दक्षिणेच्या काठावर आणखी तीन वाड्या, त्या खोतांच्या बागांतल्या. त्यांच्याही दक्षिणेला मोरशिंगे गट, तो पूर्वीपासून कुळांचा. आराखड्याने उत्तरेच्या तीन वाड्या भाटवलीतून काढून, खाडी ओलांडून, मोरशिंग्याला जोडल्या होत्या.

नकाशावर मोरशिंग्याचा रंग हिरवा होता. तो मी दक्षिणेच्या काठाने एका पट्टीतून नेऊन खाडीपलीकडे चढवला. मला डाव कळला नाही का? चांगला कळला. पण आपण रेघेचे धनी, डावाचे नव्हे, असे म्हणून मी कुंचला धुतला. याची मला आजही लाज वाटते.

मग शिरस्तेदार म्हणाले, "गावागावांतून दवंडी द्यायची आहे. गोषवारा दोन ओळींत लिहा, दवंडीवाल्याला पाठ झाला पाहिजे." मी लिहिले, 'भाटवली गटातील खाडीपल्याडच्या तीन वाड्या मोरशिंगे गटास जोडण्यात येत आहेत. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी.' थोडक्यात लिहिल्याबद्दल शिरस्तेदारांनी मला तपकिरीची चिमूट दिली.

हरकतीची मुदत संपायला चार दिवस उरले असताना धाकू तांडेल कचेरीत आला. भाटवलीच्या खाडीवरची तर, म्हणजे माणसे पार करणारी होडी, तो चालवीत असे आणि तिच्या परवान्यासाठी दरवर्षी येई. काळाकभिन्न, रुंद छातीचा, हळू बोलणे माहीत नसलेला माणूस. माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि पसरलेल्या नकाशाकडे बघत राहिला. तरीची जागा त्याने बरोबर ओळखली.

"भावसाब, ह्यो हिरवा रंग आमच्या वाडीवर कसा चढला?"

"दवंडी ऐकली नाहीत का? खाडीपल्याडच्या तीन वाड्या मोरशिंग्यात गेल्या."

"ऐकली ना. पल्याडच्या ग्येल्या. बागंतल्या. आमी तर अल्याडचे."

"अहो तांडेल, पल्याडचे तुम्हीच."

"आमी?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या कारकुनाने टाक खाली ठेवला. "आमी हितं जन्मलो, हितं मरणार. आमी पल्याडचे कसे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझी नजर नकाशाकडे गेली. नकाशाची दक्षिण बाजू नेहमी आखणाऱ्याच्या पोटाशी असते. मी रत्नागिरीच्या बाजूने खाडीकडे बघत होतो. उत्तरेचा काठ मला पल्याड. धाकू टेबलाच्या दुसऱ्या अंगाला उभा होता, म्हणजे आपल्या गावातच उभा होता. त्याला दक्षिणेचा काठ पल्याड. दवंडीवाला दोन्ही काठांवर तेच दोन वाक्यांचे पाठांतर म्हणून गेला होता. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटले, गेले ते समोरचे. दोन्ही काठांवरून एकही हरकत आलेली नव्हती.

धाकू खाली बसला. "खरां सांगू? दवंडी ऐकून आमी खूश झालो. खोतांच्या तीन वाड्या ग्येल्या, आता आपला माणूस हमखास येतंय. हरकत कोण घेणार? देवीला नारळ फोडला, भावसाब. आमचां मरण ऐकून आमीच नारळ फोडला!"

मला हसू आले, पण त्याने लगेच पुढे होडीच्या धक्क्याचे सांगितले. दवाखाना खाडीच्या दक्षिणेला होता. भाटवलीच्या बाजूला काठ उथळ. ओहोटीला पाणी लांब हटते आणि मध्ये चिखल उरतो. तरीपर्यंत पोचायला मांडीभर चिखलातून जावे लागे. भाटवलीकर वर्षानुवर्षे चिऱ्याचा धक्का मागत होते आणि बोर्ड दर वेळी एका मताने तो बाजूला सारत होते.

"माझ्या भैनीला बाळंतपणात डोलीत घातली," धाकू म्हणाला. आता तो हळू बोलत होता. "डोलीवाले कमरेइतके रुतले. मागं नाय, पुढं नाय. भरती येईस्तोवर तशीच धरून उभे ऱ्हायलो. भरती आली, पण ती नाय ऱ्हायली."

मी शिरस्तेदारांकडे गेलो आणि गोषवारा चुकला आहे, नवी दवंडी द्यावी लागेल, असे सांगितले. ते म्हणाले, "चुकलेला नाही. पल्याड म्हणजे पल्याड. तुम्ही कारकून आहात, वकील नव्हे."

"शब्द माझा आहे."

"शब्द सरकारचा असतो. तुमचे फक्त अक्षर."

मी तापट माणूस आहे, पण त्या दिवशी तापलो नाही. हा शब्द मी लिहिला आहे तर तो मीच पुसणार, असे मनाशी पक्के केले आणि रविवारी धाकूच्या होडीतून भाटवलीला गेलो.

देवीच्या देवळात दोन्ही काठांची माणसे बोलावली होती. मी त्यांना पल्याडचा घोळ समजावून सांगितला. उत्तरेकडचे संतापले, दक्षिणेकडचे खाली मान घालून बसले. नुसत्या उत्तरेने हरकत घेतली असती तर बापूसाहेब म्हणाले असते, ही तटाची ओरड आहे. दोन्ही काठांचे अंगठे हवे होते. पण दक्षिणेकडची माणसे खोतांच्या बागा राखून पोट भरणारी. त्यांनी अंगठा कसा द्यावा?

त्यांचा मानकरी राघोबा, खोतांच्या बागेचा राखणदार. धाकू त्याला म्हणाला, "तू कशाला देशील? तुझा धनी खूश हाय."

"तू नारळ फोडलास तेव्हा आमी ग्येलो म्हणून फोडलास ना?" राघोबाने विचारले.

मग राघोबा देवीकडे तोंड करून उभा राहिला. "शिमग्यात पालखी होडीत बसून आमच्याकडं येते. ती काय पल्याड येते? आपल्याच गावात येते. एका देवीचा गाव दोन जागी वाटायचा नाय. माझा अंगठा घ्या. खोतास काय सांगायचां तां मी सांगेन." त्याच्यामागून दक्षिणेचे सगळे उठले.

अर्ज शाळामास्तरांनी लिहिला. मी फक्त तोंडाने सांगितला. सरकारी नोकराच्या हाताने सरकारवर हरकत लिहायची नसते. तोंडाबद्दल नियमात काही नव्हते.

सुनावणीला प्रांतसाहेबांपुढे बापूसाहेब गोड आवाजात म्हणाले, "पल्याड हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. यांना नंतर सुचलेले शहाणपण आहे हे." प्रांतसाहेबांनी विचारले, शब्द कुणाचा? मी उठून म्हटले, माझा. मग विनंती केली की नकाशा टेबलावर पसरावा, तांडेलाने उत्तरेच्या बाजूला उभे राहावे आणि राघोबाने दक्षिणेच्या. दोघांना सांगितले, पल्याड दाखवा. दोघांनी एकाच वेळी बोट उचलले आणि एकमेकांच्या छातीकडे रोखले.

प्रांतसाहेबांनी वाड्यांची नावे घालून दवंडी पुन्हा देण्याचा हुकूम केला. या वेळी हरकतींचा ढीग पडला आणि तिन्ही वाड्या भाटवलीतच राहिल्या. अर्जातली पालखीची गोष्टही त्यांनी निकालात उतरवून घेतली. माझी मात्र वर्षभर हर्ण्याच्या बाजूला मोजणीवर रवानगी झाली. सुकटीच्या वासात आणि तापल्या वाळूत साखळी ओढताना मी बापूसाहेबांना मनातल्या मनात पुष्कळ काही म्हणालो, ते इथे लिहिण्याजोगे नाही. पण मी खूश होतो. निवडणुकीला धाकू स्वतः उभा राहिला, निवडून आला आणि त्याच्या एका जागेने बोर्ड कुळांच्या हाती गेले. धक्क्याला मंजुरी मिळाली.

इथेच हकीकत संपवली असती तर माझी अब्रू वाढली असती. पण निवृत्त माणसाने अर्धी गोष्ट सांगू नये.

धक्क्याचे काम सावकाश चालले. चिखलात पाया धरत नसे, पावसाळ्यात काम बंद, आणि बोर्डाची तिजोरी म्हणजे आमची उन्हाळ्यातली विहीर. आठ वर्षांनी पुन्हा गटांची फेररचना निघाली तेव्हा धक्का काठापासून बराच आत गेला होता, पण ओहोटीच्या पाण्याला टेकायला अजून वीस पावले उरली होती. आता आराखडा धाकूच्या बोर्डाने केला होता. मागच्या भानगडीपासून अशा प्रत्येक आराखड्यावर माझा शेरा घेण्याची कचेरीत पद्धत पडली होती. तो शेरा मी लिहिण्याआधी धाकू आला. आता तो खुर्चीवर बसला.

त्याच्या आराखड्यात दक्षिणेच्या तीन वाड्या, राघोबाच्या, भाटवलीतून काढून मोरशिंग्याला जोडल्या होत्या. मोरशिंग्यात खोतांची ती मूठभर मते बुडून गेली असती आणि भाटवली कायमची कुळांची झाली असती.

"नकाशावर किती शोभून दिसतां बघा," धाकू म्हणाला. "खाडी हीच हद्द. मागच्यासारखा हिरवा हात नाय कुठं."

ते खरे होते. लबाडीची रेघ मागे वाकडी होती, या वेळी ती सरळ होती.

"राघोबाने अंगठा दिला होता, तांडेल."

"राघोला मी इसरलो नाय. पण वीस पावलां ऱ्हायलीत, भावसाब. खोत आले तर एक चिरा पडणार नाय. तुमी काय करू नका. मागं पयल्यानं गप बसला होतात ना, तसेच ह्या बारीला गप बसा."

या बोलण्याने मला जे लागले ते आजवर कुणाच्या बोलण्याने लागलेले नाही. मी म्हटले, "तेव्हा गप्प बसलो ती माझी चूक होती."

"आणि माझी भैन?"

तो गेल्यावर मी शेरा लिहिला: 'पूर्वीच्या सुनावणीत हे दोन्ही काठ एक गाव ठरले आहेत. ते तोडण्यास नवे कारण दिसत नाही.' अक्षर नेहमीपेक्षा वाईट आले. घरी गेलो तो न जेवता निजलो. बायकोने विचारले, बरे नाही का? मी म्हटले, बरे नाही.

आराखडा नामंजूर झाला. राघोबाच्या वाड्या भाटवलीत राहिल्या, धाकू बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पडला आणि बोर्ड पुन्हा एका जागेने खोतांकडे गेले. धक्क्याचे काम थांबले. धाकूने माझ्याशी बोलणे सोडले. परवान्याला तो भावाला पाठवू लागला.

तो शेरा लिहून चुकलात का, असे मला पुष्कळदा विचारले गेले, मीही स्वतःला विचारतो. तो कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा तेच लिहीन. समोरचा माणूस बापूसाहेब आहे की धाकू तांडेल, हे बघून ज्याची रेघ सरकते त्याने टाक हातात धरू नये. हे मी घमेंडीने म्हणत नाही. त्या शेऱ्याचे मोल मी दिले नाही, भाटवलीने दिले, हे मला पक्के ठाऊक आहे.

पेन्शनीत निघालो त्या वर्षी राघोबा वारल्याचे कळले. त्याच्या घरच्यांना भेटून मी पलीकडे देवीच्या दर्शनाला निघालो. तरीवर धाकूच होता, केस पांढरे झालेले. त्याने मला बघितले, बसायला जागा दाखवली आणि होडी लोटली. ओहोटी होती. चिखल लागला तिथे होडी थांबली. समोर धक्क्याचे टोक कोरडे दिसत होते. माझ्याबरोबर दवाखान्यातून परतणारी एक बाई होती, तान्हे मूल घेतलेली. तिने लुगडे वर खोचले, मूल खांद्यावर उंच धरले आणि ती उतरून चालू लागली. एकदा रुतली, थांबली, पाय उपसून पुढे गेली. ती धक्क्यावर चढेपर्यंत आम्ही दोघे बघत होतो.

मग धाकू म्हणाला, "उतरा भावसाब. वीस पावलां हायत. तुमाला मोजायची सवय हाय, मोजून घ्या."

मी वहाणा काखेत मारल्या, धोतर खोचले आणि उतरलो. पहिल्याच पावलाला गुडघ्याच्या वर गेलो. चिखलात पाऊल आखूड पडते. मी मोजली. एकोणतीस भरली.